बुडाचा रंग

आमच्या डोणगावात होडी नाही. समुद्र चारशेहून अधिक किलोमीटरवर. मेहकरजवळून पैनगंगा जाते, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्यात गुडघाभरच पाणी. तरी गावाच्या नावात ‘डोण’ आहे. डोण म्हणजे विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायची दगडी कुंडी. संस्कृतात द्रोणी म्हणजे कोरून केलेलं पात्र, आणि कन्नडमध्ये दोणी म्हणजे चक्क होडी. पाणी आत ठेवलं की डोण, बाहेर ठेवलं की दोणी. गावाचं नाव त्यावरूनच पडलं असा माझा दावा नाही. व्हॉट्सॲपवर तसल्या व्युत्पत्त्या भरपूर फिरतात, त्यात माझी भर नको.

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या मळ्यातल्या डोणीचं शेवाळ काढायचं काम माझ्याकडे असायचं. पाणी उपसायचं, कवेलूच्या तुकड्याने हिरवा थर खरवडायचा, काथ्याने घासायचं आणि वरून चुना फासायचा. पंधरा दिवसांत शेवाळ परत हजर. एकदा वैतागून मी आबांना विचारलं, “यात काही औषध टाकता येत नाही का, कायमचं?”

“बैल पेतात ना त्यातलं,” आबा म्हणाले आणि कामाला लागले.

हा प्रसंग मी विसरलो होतो. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली. माझा एक सहकारी देवगडकडचा. त्याच्या वडिलांची मच्छीमारी होडी आहे. १ जून ते ३१ जुलै किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून त्यांची डागडुजी होते. एका जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच्यासोबत गेलो. समुद्र बघायचा, मासे खायचे, एवढाच बेत होता. पण होडी लाकडी ओंडक्यांवर चढवलेली, माणसं कमी, आणि मी धडधाकट. काकांनी हातात पत्र्याचं खरवडणं दिलं.

होडीचं बूड मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. पाण्याच्या रेषेखाली विटकरी लाल रंग. त्यावर सुकलेलं शेवाळ आणि बार्नॅकलचे पांढरे, धारदार, इवल्या ज्वालामुखींसारखे शंकू. मी जोर लावून कोरडंच खरवडायला सुरुवात केली. लाल भुकटी उडाली, नाकातोंडात गेली, जिभेवर नाणं चाटल्यासारखी चव आली. काका ओरडले, “सुक्या खरवडू नको रे झिला, आधी पाणी मार!”

मला वाटलं, धुळीचा त्रास नको म्हणून सांगतायत. रात्री डब्यावरची बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं की तो लाल रंग म्हणजे क्युप्रस ऑक्साइड, तांब्याचं संयुग. आणि ते विष म्हणूनच घातलेलं असतं.

हा रंग शोभेचा नाही. भिंतीचा रंग टिकावा म्हणून देतात, बुडाचा रंग झिजावा म्हणून. त्यातलं तांबं हळूहळू पाण्यात विरघळतं आणि होडीच्या अंगाला विषारी पाण्याचा एक पातळ पदर तयार होतो. बार्नॅकलची पिल्लं तिथे चिकटायला धजत नाहीत. हंगाम संपेपर्यंत वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि उरतो ठिसूळ सांगाडा. त्यावर नवा रंग चढवला तर सांगाड्यासकट तो पोपडा होऊन गळतो. म्हणून आधी जुना खरवडायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर जुना कोड काढल्याशिवाय नवा डिप्लॉय होत नाही.

पण हा रंग यायच्या आधी लोक काय करत होते? या प्रश्नाने माझे पुढचे कितीतरी शनिवार-रविवार खाल्ले.

लाकडी जहाजाला खालून दोन शत्रू. एक, चिकटणारे: शेवाळ, कालवं, बार्नॅकल. यांनी जहाज जड आणि मंद होतं. दुसरा, पोखरणारा. इंग्रज त्याला शिपवर्म, म्हणजे जहाजकिडा म्हणत, पण तो किडा नव्हेच. तो शिंपल्याच्या कुळातला प्राणी. त्याचं शिंपलं आक्रसून डोक्याशी दोन करवतींसारखं उरलंय आणि त्याने तो लाकडात बोगदे खणतो. बाहेरून फळी ठीक दिसते, आतून मधाच्या पोळ्यासारखी झालेली असते.

त्यावर जगभर एकच तोडगा होता: चोपडा आणि खरवडा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चोपडायला शार्कच्या यकृताचं तेल, चरबी, राळ, डांबर आणि चुना. चुना आणि तेल घोटून केलेल्या लेपाला हिंदुस्थानीत ‘गलगल’ म्हणत. सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज लिखाणातही हा शब्द सापडतो. सिमेंटसारखा कडक होणारा हा लेप बुडाला थापायचा. कधी त्यावर पातळ फळ्यांचा आणखी एक थर ठोकायचा. किड्याने ती फळी खावी, खरी फळी वाचावी. खाल्लेली फळी उपटून पुढच्या वर्षी नवी.

आणि खरवडणं? मोठ्या उधाणाच्या भरतीला जहाज उथळ किनाऱ्यावर घ्यायचं, तोफा आणि सामान उतरवायचं, ओहोटी लागली की ते एका कुशीवर कलंडवायचं. मग उघड्या पडलेल्या बाजूखाली सुकी झावळी नाहीतर काटक्या पेटवायच्या. जुनी चरबी, डांबर मऊ होतं, शेवाळ करपतं, ते गरम असतानाच खरवडायचं. लाकूड पेटता कामा नये आणि पाणी परत चढायच्या आत बाजू पूर्ण व्हायला हवी. मग दुसरी कूस. माझ्या ऑफिसात ज्याला डेडलाइन म्हणतात ती मला इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजली. समुद्र मुदतवाढ देत नाही.

मराठ्यांच्या आरमाराकडे पाहताना आपण तोफा, दुर्ग आणि लढाया मोजतो. पण गुराब आणि गलबतं वर्षातले तीन-चार महिने पाण्यात नसायचीच. पावसाळ्याआधी आरमार सुरक्षित बंदरात छावणीला न्यावं, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सांगितलेलं आहे. छावणी म्हणजे विश्रांती नव्हे. ते दुरुस्तीचे महिने.

विजयदुर्गापासून थोडं आत, वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये इथे मराठा आरमाराची गोदी आहे. बरीचशी खडकात खोदलेली, लांबी सुमारे साडेतीनशे फूट. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या बुडावर काम करायचं. आम्ही त्याच सुटीत तिथे गेलो. गाळ, झुडपं, एक फलक. सेल्फीला फारसं काही नाही. पण आंग्रे आणि नंतर पेशव्यांच्या आरमाराचे आनंदराव धुळप यांचं समुद्रावरचं बळ अशाच जागी, ओल्या खडकावर उकिडवं बसून खरवडणाऱ्या माणसांवर उभं होतं, हे तिथे गेल्यावर पटतं. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनच्या इंग्रज आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची एकमेकांना खेटून बांधलेली जहाजं एका दुपारीत जळाली. वर्षानुवर्षं तेल, राळ आणि डांबर पिऊन मुरलेलं ते लाकूड होतं. जे किड्यापासून वाचवत होतं तेच आगीला धार्जिणं ठरलं असावं.

इंग्रजांकडे तोवर मुंबईत एक गोष्ट आली होती. सुरतेहून १७३६ मध्ये आलेले लवजी नसरवानजी वाडिया कंपनीच्या जहाजबांधणीवर होते आणि १७५० मध्ये मुंबईची पहिली सुकी गोदी तयार झाली. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं. भरतीला जहाज आत घ्या, ओहोटीला पाणी निघून जाऊ द्या, दार लावून घ्या. आता पुढची भरती दाराबाहेर थांबते. खरवडायला सहा तासांऐवजी हवे तितके दिवस. जहाज कलंडवायला नको, तोफा उतरवायला नकोत. १७८२ मध्ये फ्रेंच सेनानी सुफ्राँशी बंगालच्या उपसागरात झुंजून थकलेला ह्यूजचा इंग्रज ताफा डागडुजीसाठी पार मुंबईला आला. सुफ्राँकडे या समुद्रात अशी गोदी नव्हती. पुढे १८०७ मध्ये डंकन गोदीचं काम सुरू झालं. जमशेटजी वाडियांनी मुंबईत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ चं सागवानी जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे.

वाडियांची नावं इतिहासात आहेत, आणि ती असायलाच हवीत. गोदीच्या तळाशी बूड खरवडणाऱ्यांची नावं मला कुठे दिसली नाहीत.

दरम्यान इंग्लंडमध्ये चिकटणाऱ्यांवर कायमचं औषध शोधणं चालू होतं. १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहिलं तर बूड स्वच्छ, किडा नाही. पण पत्रे ठोकलेले लोखंडी खिळे विरघळून गेलेले! काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या कागदात गुंडाळून आले होते तो कागद तिथे चुकून तसाच राहिला होता. कागदामुळे तांबं आणि लोखंड एकमेकांना भिडले नाहीत. खाऱ्या पाण्यात दोन धातू भिडले की बॅटरी तयार होते आणि त्यात लोखंड खर्ची पडतं, हे विज्ञान तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. एका न काढलेल्या वेष्टनाने ते शिकवलं. मला हा इतिहासातला सर्वांत सुंदर बग रिपोर्ट वाटतो.

आणि त्याचा दुसरा भाग आणखी भारी आहे. तांब्याचे पत्रेही हळूहळू झिजायचे, खर्च वाढायचा. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने उपाय काढला: तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडा, तेच झिजतील, तांबं वाचेल. प्रयोग शंभर टक्के यशस्वी. तांबं झिजायचं थांबलं. आणि बुडावर बार्नॅकलचं रान माजलं. कारण तांबं झिजत होतं म्हणूनच बूड स्वच्छ राहत होतं. रक्षण करणारी गोष्ट ते झिजणंच होती. काही वर्षांत नौदलाने तो उपाय गुंडाळला.

लोखंडी जहाजं आल्यावर तांब्याचा पत्रा ठोकायची सोय उरली नाही, कारण ‘अलार्म’च्या खिळ्यांचं झालं तेच अख्ख्या जहाजाचं झालं असतं. म्हणून तांबं रंगात आलं, पत्र्याऐवजी भुकटी होऊन. पण ते रंग लवकर संपत, आणि गोद्यांची गरज वाढतच गेली. मुंबईत मेरवेदर गोदी १८९१ मध्ये आणि हजार फुटी ह्यूजेस गोदी १९१४ मध्ये आली.

मग १९७० च्या दशकात माझ्यासारख्या इंजिनिअरांना हवंहवंसं वाटणारं उत्तर आलं. ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी हे कथिलाचं संयुग रंगाच्या रेणूलाच जोडलेलं. समुद्राच्या पाण्याने वरचा थर आपोआप झिजतो, खालचा ताजा थर उघडा पडतो. सांगाडा उरतच नाही. जहाज पाच वर्षं पाण्यात राहू शकतं. खरवडायचं कामच जवळजवळ संपलं.

त्याच काळात फ्रान्समधल्या आर्काशाँच्या उपसागरात कालवांची शेती कोसळली. शिंपा वेड्यावाकड्या जाड होऊ लागल्या, पिल्लं जगेनात. इंग्लंडच्या किनाऱ्यावर मादी गोगलगायींना नराचं लिंग फुटू लागलं. लिटरभर पाण्यात एक नॅनोग्रॅम टीबीटी एवढ्याला पुरतं. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली. आंतरराष्ट्रीय करार व्हायला २००१ उजाडलं आणि तो लागू झाला १७ सप्टेंबर २००८ रोजी.

पण जगभरच्या जहाजांवर आधीच लागलेल्या रंगाचं काय? कराराने दोन वाटा ठेवल्या. एकतर तो पूर्ण काढा, नाहीतर त्यावर असा थर द्या की खालचं विष बाहेर झिरपणार नाही. दुसरी वाट उघडच स्वस्त. हे मी माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये स्वतः केलंय. जुना धोकादायक मॉड्यूल काढायला वेळ नव्हता, म्हणून वरून एक वेष्टन घातलं आणि कंपनी बदलली. तो मॉड्यूल कुणाच्या तरी अंगावर पडलाच असेल. जहाजाच्या बाबतीत तो कुणाच्या अंगावर पडतो ते सांगता येतं. वीस-पंचवीस वर्षांनी जहाज भंगारात निघतं, अलंगला नाहीतर मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्यात, आणि गॅस कटर लावला की वेष्टन आणि त्याखालचा रंग एकदमच जळतो. तिथे जवळ उभा असतो तो उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला, रोजावर काम करणारा माणूस. गोदीत जे खरवडलं नाही, ते इथे त्याच्या छातीत जातं.

देवगडला परत येतो. काकांच्या होडीवर टीबीटी नव्हतं, साधा तांब्याचा रंग होता. दुसऱ्या दिवशी मी नाकाला रुमाल बांधून, पाणी मारत मारत खरवडलं. भुकटी उडाली नाही. खरवडलेलं सगळं लाल पाणी होऊन ओंडक्यांखालून वाळूत उतरलं आणि एक बारीक ओघळ खाडीकडे निघाला. मी काकांना विचारलं, “हे जातं कुठे?” त्यांनी हनुवटीने खाडी दाखवली.

ओहोटी लागली होती. खडक उघडे पडले होते आणि दोघी-तिघी बाया कोयत्याच्या टोकाने कालवं काढत बसल्या होत्या. त्यांच्यात मित्राची आई होती. रात्री पानात कालवांचं सुकं आलं. मी दोनदा वाढून घेतलं.