ओरडून नव्हे, ऐकून
(लांब तारांचा थोडा इतिहास)

रास लफान किंवा मसईदच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या मंडळींपुढे एक प्रश्न रोजचाच असतो. टाकी इथे आणि कंट्रोल रूम दीड किलोमीटरवर. मधली तार वाळूतून, उन्हातून, मोठाल्या मोटारींच्या केबलींशेजारून गेलेली. टाकीजवळच्या उपकरणाने सांगितलेला आकडा पडद्यावर तसाच्या तसा उमटेल याची खात्री काय? हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे जुना आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक मोठा अध्याय याच आखातात घडला.

१८५८ साली आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी अटलांटिकच्या तळाशी पहिली तार पडली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पोचायला सुमारे १६ तास लागले! आत तांबे, बाहेर समुद्र, मधे गटापर्चाचे आवरण. म्हणजे ती तार एक अवाढव्य कपॅसिटरच झाली होती. तो आधी भरणार, मगच पलीकडे काही पोचणार. लांबी दुप्पट झाली की हा विलंब चौपट होतो, हे विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी आधीच गणिताने दाखवले होते. कंपनीचे विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस यांना ते पटले नाही. त्यांनी जोर वाढवला, सुमारे २००० व्होल्ट दिले आणि आधीच कमकुवत असलेली तार तीनेक आठवड्यांत मुकी झाली. थॉमसन यांचा मार्ग उलटा होता. क्षीण प्रवाह पाठवायचा आणि पलीकडे आरशाच्या गॅल्व्हानोमीटरने त्याची बारीकशी हालचाल टिपायची. ओरडण्यापेक्षा कान तयार करायचा!

हा धडा घेऊन १८६४ मध्ये आखातातली तार पडली: ग्वादरहून मुसंदम, तिथून बुशहर आणि फाव. कतारचा किनारा मात्र बाजूलाच राहिला. काम चार्ल्स ब्राइट आणि लॅटिमर क्लार्क यांचे. विजेच्या मापनाला ठरावीक एकके हवीत, असा प्रस्ताव या जोडीनेच १८६१ मध्ये मांडला होता. तार आणणाऱ्या जहाजांपैकी 'ट्वीड' हे मूळचे 'पंजाब', १८५४ साली मुंबईच्या गोदीत बांधलेले. दुसरे 'असाये', तेही मुंबईचेच, आणि नाव जालना जिल्ह्यातल्या असईच्या १८०३ मधल्या लढाईवरून ठेवलेले. आपल्या पराभवाचे नाव मिरवत एक जहाज आखातात तार घालायला आले होते! १८६५ च्या आरंभी हिंदुस्थान आणि लंडन तारेने जोडले गेले.

पुढे टेलिफोन आला आणि शेजारच्या तारांतली गडबड कानात शिरू लागली. त्यावर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये उपाय सांगितला: दोन तारा एकमेकींना पिळ देऊन न्याव्यात. बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो.

कारखान्यांत बराच काळ हवेच्या दाबाने निरोप जात, ३ ते १५ पौंडांच्या. पण लांब नळीत हवा रेंगाळते. मग आला ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह. व्होल्टेज तारेच्या वाटेत घटू शकते. प्रवाह मात्र एकाच फेऱ्यात फिरत असल्यामुळे, आवरण शाबूत असेल तर, जितका निघाला तितकाच पोचतो. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. दीड किलोमीटर जाऊन परत येईपर्यंत ३६ ओहम होतात. २४ व्होल्टच्या पुरवठ्याला ते सहज झेपते.

आणि शून्यासाठी ४ का? टाकी रिकामी असेल तर ४ येतात, तार तुटली तर शून्य. हा फरक दिसला नाही, तर भरलेली टाकी रिकामी समजून कोणी पंप चालू करील, आणि मग काय होईल ते तेला-वायूच्या गावात राहणाऱ्यांना सांगायला नको.

आता ऑप्टिकल फायबर आले, आकडेही डिजिटल झाले. तरी पिळाची जोडी आणि ४ ते २० चा फेरा पुष्कळ ठिकाणी निमूटपणे राबतो आहे. नव्याने इथे येणाऱ्या आपल्या तरुण अभियंत्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अशा तारेच्या शिल्डचे अर्थिंग शक्यतो एकाच टोकाला करावे. दोन्हीकडे केले तर दोन जमिनींमधल्या फरकाचा प्रवाह शिल्डमधून वाहू लागतो. आणि मोटारीच्या केबलीपासून ती दूर न्यावी; ओलांडावीच लागली तर काटकोनात.