एका वर्षाचा कागद

दिवाळी सरली की महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत तिबेटी स्वेटरवाल्यांचे गाळे लागतात. आपण जॅकेट घालून बघतो, शे-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो आणि जाता जाता विचारतो, "तिबेटहून आलात का?" गल्ल्यावरच्या तरुण मुलीने बहुधा तिबेट पाहिलेलाही नसतो. जन्म भारतातला, शाळा भारतातली, हिंदी आपल्यापेक्षा सफाईदार. तरी तिच्याकडे एक कागद असतो, जो आपल्याकडे कधीच नव्हता. त्याला सगळे 'आरसी' म्हणतात. परदेशी व्यक्ती म्हणून केलेल्या नोंदणीचं ते प्रमाणपत्र. त्यावर एक तारीख असते आणि त्या तारखेच्या आत ते रिन्यू करून घ्यावं लागतं.

"म्हणजे व्हिसाच की," असं आपल्याला वाटतं. पण तसं नाही. व्हिसा पासपोर्टच्या आधाराने मिळतो आणि पासपोर्ट म्हणजे एका देशाने दिलेली हमी असते: हा आमचा माणूस आहे, तुम्ही परत पाठवलात तर आम्ही घेऊ. निर्वासिताकडे नेमकी हीच हमी नसते. मग त्याला कागद द्यायचा कुणी? आणि किती दिवसांचा? हे दोन प्रश्न जगापुढे पहिल्यांदा धडपणे आले त्याला शंभर वर्षं होऊन गेली.

पहिल्या महायुद्धाआधी पश्चिम युरोपात बऱ्याच सीमा पासपोर्टशिवाय ओलांडता येत. १९१४ नंतर हेरांच्या भीतीने दारं बंद झाली आणि युद्ध संपल्यावरही ती पूर्वीसारखी उघडली नाहीत. त्याच सुमारास रशियातली क्रांती, यादवी आणि दुष्काळ यांतून लाखो माणसं बाहेर पडली होती. कुणी इस्तंबूलला अडकलं, कुणी बर्लिनला, कुणी पॅरिसला. १५ डिसेंबर १९२१ रोजी सोव्हिएत सरकारने हुकूम काढून परदेशात गेलेल्या अशा बहुसंख्य लोकांचं नागरिकत्वच रद्द केलं. त्यांच्या खिशातले झारच्या काळातले पासपोर्ट आता कुणाचीच हमी देत नव्हते. काम शोधायला शेजारच्या देशात जायचं तर व्हिसा हवा, आणि व्हिसाचा शिक्का मारायला पासपोर्टच नाही.

हा गुंता सोडवण्याचं काम राष्ट्रसंघाने फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्याकडे दिलं. नॉर्वेचे हे गृहस्थ मुळात ध्रुवीय प्रदेशाचे संशोधक. १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड पार केलेले. जुलै १९२२ मध्ये त्यांनी जिनिव्हाला परिषद घेतली आणि सोळा देशांनी एक साधी युक्ती मान्य केली. निर्वासित ज्या देशात आहे, त्याच देशाने त्याला ओळखपत्र द्यायचं. पुढे हाच कागद 'नान्सेन पासपोर्ट' म्हणून ओळखला गेला. आज पाहिलं तर अगदी किरकोळ वाटेल, पण यात एक मोठी गोष्ट घडली होती. कुठल्याही देशाचा नसलेला माणूसही कागदावर माणूस म्हणून अस्तित्वात येऊ शकतो, हे सरकारांनी पहिल्यांदा मान्य केलं.

पण खालच्या अटी वाचा. मुदत एक वर्ष. रशियाच्या हद्दीत पाऊल टाकलं तर कागद बाद. आणि सगळ्यात जाचक म्हणजे, खास नमूद केलेलं नसेल तर कागद देणाऱ्या देशात परत येण्याचा हक्क नाही. म्हणजे फ्रान्सने दिलेला कागद घेऊन तुम्ही बाहेर पडू शकता, पण फ्रान्स पुन्हा आत घेईलच असं नाही. अशा माणसाला व्हिसा द्यायला दुसरा देशही कचरणारच. हा आपल्याच गळ्यात पडला तर?

ही चूक लक्षात यायला चार वर्षं लागली. १९२६ च्या करारात परतीच्या व्हिसाची सोय आली. सोबत आलं पाच सुवर्ण फ्रँकचं 'नान्सेन तिकीट'. ऐपत असलेल्याने ते विकत घेऊन कागदावर लावायचं आणि तो पैसा निर्वासितांच्याच मदतीला जायचा. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला ते माफ. तोवर हा कागद आर्मेनियन निर्वासितांनाही मिळू लागला होता. १९२८ मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडलं. लग्न झालं आहे की नाही, पदवी खरी आहे का, सही याचीच आहे का, असे दाखले देण्याचं वकिलातीचं काम राष्ट्रसंघाच्या प्रतिनिधींनी करावं असं ठरलं. आपला देश हरवला की किती बारीकसारीक गोष्टी हरवतात, हे या यादीवरून कळतं.

सुमारे साडेचार लाख नान्सेन पासपोर्ट दिले गेले. चित्रकार मार्क शगाल आणि संगीतकार स्ट्राव्हिन्स्की यांच्याकडेही तो होता. लेखक व्लादिमीर नाबोकोव्ह यांच्याकडेही होता, पण त्यांनी आत्मचरित्रात त्याच्यावर मनसोक्त राग काढला आहे. प्रत्येक प्रवासाआधीची कचेऱ्यांची दगदग, आणि हा कागद पुढे केला की समोरच्या कारकुनाच्या नजरेतला बदल. कागदाने त्यांना वाचवलं आणि त्याच कागदाने दर वेळी आठवण करून दिली, की तुम्ही इथले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ चा निर्वासित करार झाला. त्यातल्या प्रवासपत्राला कागदाची मुदत असेपर्यंत परत घेण्याची जबाबदारी जोडली गेली. मुदत किती? एक किंवा दोन वर्षं.

भारताने या करारावर सही केलेली नाही. त्यामुळे १९५९ नंतर दलाई लामांच्या मागोमाग आलेल्या तिबेटींना इथे आसरा, जमीन, शाळा मिळाल्या, पण कायद्याच्या लेखी ते 'परदेशी'च राहिले. आरसी पूर्वी वर्षाला रिन्यू करावी लागे, नंतर अनेकांना पाच वर्षांची मिळू लागली. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या रंगाचं ओळखपुस्तक. आणि त्यावर कित्येक वर्षं एक वेगळा शिक्का घ्यावा लागे: ही व्यक्ती भारतात परतण्यास हरकत नाही. १९२२ चा तोच अडलेला प्रश्न.

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ नोर्गेलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. १९७० च्या दशकात वसलेली. तिथे आता नातवंडांची पिढी मोठी झाली आहे. धानाच्या शिवारात वाढलेल्या या मुलांपैकी काहींना कायद्याने भारतीय नागरिकत्वही मागता येतं. १९८७ च्या जुलैआधी इथे जन्मलेली तिबेटी व्यक्ती जन्मानेच भारतीय आहे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. त्या तारखेनंतर जन्मलेल्यांना आई किंवा वडिलांच्या नागरिकत्वाचा आधार लागतो. पण घरातल्या सगळ्यांनाच तसं करायचं नसतं. एकाला पासपोर्ट हवा असतो, तर दुसऱ्याला वाटतं, आरसी सोडली म्हणजे परत जाण्याचा दावाच सोडला. एकाच ताटात जेवणारी भावंडं या एका कागदावरून वेगळ्या वाटा धरतात.

कागद कुणी द्यायचा, याचं उत्तर नान्सेन यांनी शोधून दिलं. किती दिवसांचा, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्या गल्ल्यावरची मुलगी आपले पैसे मोजून घेते, स्वेटर पिशवीत घालते. हंगाम संपला की गाळा आवरायचा, घरी जायचं आणि यंदा आरसीची तारीख आहे का, ते बघायचं.