‘फ्रेल्से’ : मोकळ्या मानेची सरदारकी

स्वीडिश भाषेत सरदारवर्गास आज ‘आडेल’ म्हणतात. पण तो शब्द जर्मन प्रदेशातून आलेला पाहुणा. मध्ययुगातील स्वतःचा शब्द ‘फ्रेल्से’ हा होय, आणि आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो तो हाच. त्यात ना कुळाचा अभिमान, ना शौर्याचा. त्याचा अर्थ केवळ ‘मोकळीक’.

शब्दाची मूळ फोड अशी : ‘फ्री’ म्हणजे मोकळा आणि ‘हाल्स’ म्हणजे मान. ज्याच्या मानेवर दास्याचे जू नाही, तो मोकळ्या मानेचा मनुष्य. यांतील ‘फ्री’ व संस्कृत ‘प्रिय’ यांचे मूळ एकच, असे भाषापंडित सांगतात. घरातील आपली, प्रिय माणसे तीच दासांहून वेगळी, मोकळी. अर्थाचा प्रवास असा झाला असावा.

मग मोकळा मनुष्य सरदार कसा झाला? सुमारे १२८० साली मॅग्नस लादुलोस या राजाने मेलारेन सरोवरातील आल्स्नो बेटावरून एक शासन काढले. जो घोडा व शस्त्रसामग्री घेऊन राजसेवेस उभा राहील, त्याची जमीन राजाच्या करातून मुक्त. ही मुक्ती म्हणजे फ्रेल्से. पुढे ती भोगणाऱ्या वर्गासच ते नाव पडले. इनामावरून इनामदार ओळखणाऱ्या आमच्या वाचकांस यात नवल वाटू नये. देवस्थानच्या इनामासारखाच प्रकार तिकडेही होता. धर्मपीठाच्या करमुक्त वर्गास ‘आध्यात्मिक फ्रेल्से’ म्हणत. कर भरणारी रयत मात्र ‘ऊफ्रेल्से’.

रयतेच्या घरी बळजबरीने मुक्काम ठोकून फुकट दाणागोटा उकळण्यास त्याच शासनाने मनाई केली. ‘लादुलोस’ म्हणजे कोठाराचे कुलूप. हे टोपणनाव राजास यावरूनच मिळाले, अशी जुनी समजूत आहे.

१३३५ साली मॅग्नस एरिक्सन राजाने वेस्टरयोटलांड व वेरेंड या प्रांतांत ख्रिस्ती मातापित्यांच्या अपत्यांस दास्यातून सोडविले. मानेवरचे जू उतरले, तरी फ्रेल्से मूठभरच राहिले! पुढे घोड्यापेक्षा जन्मास महत्त्व आले. १६२६ साली स्टॉकहोमच्या सरदार-सभागृहात कुळांची रीतसर नोंद झाली. सरदारकी मिळालेला अखेरचा पुरुष म्हणजे १९०२ सालचा स्वेन हेडिन, तिबेटचा प्रसिद्ध प्रवासी. सरदारवर्गाचे उरलेसुरले कायदेशीर विशेष हक्क २००३ साली संपले.

शब्द मात्र जिवंत आहे. जगाच्या तारकास स्वीडिश भाविक ‘फ्रेल्सारे’ म्हणतात : मान मोकळी करणारा.