शिवराई आणि बादशहाचा रुपया

आजीच्या पितळी डब्यात दोन जुनी नाणी होती. एक तांब्याची शिवराई आणि एक चांदीचा रुपया. शिवराईवर झिजलेल्या अक्षरांत एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. रुपयावर मात्र फारसी मजकूर. तो मोगलांचाच असणार, असे मी धरून चालले होते. पुढे एका जाणकारांनी त्यावरचे अंकुशाचे चिन्ह दाखवले. रुपया मराठ्यांच्या टांकसाळीतला होता. नाव तेवढे दिल्लीच्या बादशहाचे. मला ते बोचले.

कारण १६७४ चा राज्याभिषेक हा शब्दांचाही होता. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सरनोबताचा सेनापती. राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. देवनागरी नाणे हाही त्याच घोषणेचा भाग होता: हे राज्य कोणाचे मांडलिक नाही. मग शंभरेक वर्षांनी, दिल्लीवर मराठ्यांचा दरारा असताना, बादशहाचे नाव कशासाठी?

एक कारण हक्काचे. १७१९ मध्ये शाहू महाराजांना चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा बादशहाकडूनच मिळाल्या. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हे पद शाहआलमकडूनच घेतले. ज्याच्या नावाने हक्क सांगायचा, त्याचे नाव पुसून कसे चालेल? दुसरे कारण बाजाराचे. तांबे बहुधा गावच्या बाजारात फिरे, चांदी दूरच्या पेठांत जाई. तिथल्या सराफाला ओळखीचा छाप हवा असे. नाहीतर बट्टा द्यावा लागे.

इंग्रजांनीही तेच केले. बंगालमधल्या रुपयावर त्यांनी शाहआलमचे १९ वे राज्यवर्ष वर्षानुवर्षे तसेच ठेवले. १८०३ मध्ये दिल्ली त्यांच्या हाती आली, १८०६ मध्ये शाहआलम वारला. तरी त्याचे नाव कंपनीच्या रुपयावर १८३५ पर्यंत राहिले. त्या वर्षी तिथे विल्यम राजाचा चेहरा आला. सत्ता आधीच बदलली होती. नाण्याने ती उशिरा कबूल केली.

पेशव्यांच्या शिक्क्यातही ‘मुख्य प्रधान’च राहिला, लोकांच्या तोंडी मात्र ‘पेशवा’. फारसी शब्द वापरला म्हणून कोणी स्वराज्याला परका ठरला नाही. लिपी आणि शब्द पाहून निष्ठेचा निवाडा देण्याची घाई मीही केली होती. आता तो रुपया हातात घेतला, की आधी विचारते: हे नाणे कोणाच्या हाती पडावे म्हणून पाडले होते?