बावड्यात किती फूट झालं?

जुलै लागला की माझ्या फोनवर सकाळची पहिली नोटिफिकेशन ऑफिसची नसते. घरच्या ग्रुपवर आबांचा मेसेज असतो : राजाराम बंधारा, सकाळी 7 वाजता, एवढे फूट एवढे इंच. मी पुण्यात कोड लिहितो, आई-आबा कोल्हापुरात, कसबा बावड्यात. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. कोल्हापूरकराला स्वतःचा पॅन नंबर पाठ नसेल, हे दोन आकडे असतात. आणि अख्खं शहर ज्या पट्टीवर पंचगंगा मोजतं, ती पट्टी आमच्या बावड्यात आहे.

बावडा म्हटलं की बाहेरच्यांना गगनबावडा आठवतो. तो घाटमाथ्यावरचा. आमचा हा 'कसबा', शहराच्या उत्तरेला, शहर आणि नदी यांच्या बेचक्यात. प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येतात, तिथून पंचगंगा शहराला वळसा घालून आमच्या मागच्या अंगाने पूर्वेला निघते. शहरातून बावड्याकडे येताना वाटेत न्यू पॅलेस लागतो, मेजर मँटने आराखडा केलेला, 1884 साली पूर्ण झालेला. त्याच साली घाटग्यांचा यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला आणि शाहू महाराज झाला. त्याचा जन्म मात्र बावड्यातला : लक्ष्मीविलास पॅलेस, 26 जून 1874. शाळेत असताना आम्ही हे एवढ्या वेळा ऐकलं होतं, जणू महाराज आमच्याच गल्लीत राहायचे.

पुढे याच महाराजांनी वरच्या अंगाला, भोगावतीवर, राधानगरी धरणाचं काम सुरू केलं. ते पूर्ण झालं स्वातंत्र्यानंतर. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेलं की आपोआप उघडतात. 'राधानगरीचा दरवाजा उघडला' ही बातमी आली, की आई खालच्या खोलीतली तांदळाची पोती माळ्यावर चढवायला सांगते.

बंधारा तसा साधा असतो. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढून ठेवायचे. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणून हे नाव राज्यभर गेलं. पहिल्या मोठ्या पावसातच तो पाण्याखाली जातो. तो दिसेनासा झाल्यावरच त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी येतं.

फुटांचा हा हिशेब फसवा आहे. नदी पात्रात असते तोवर एक फूट म्हणजे एक फूट. काठ सोडला की त्याच एका फुटात रानंच्या रानं जातात. त्यात नृसिंहवाडीला कृष्णा भरलेली असेल, तर पंचगंगेला पुढे सरकायला जागाच मिळत नाही. 2019च्या ऑगस्टात पट्टीवर 55 फूट 7 इंच पाणी होतं, 2021च्या जुलैत 56 फूट 3 इंच. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद. मी पुण्यात बसून आकडा रिफ्रेश करत होतो. चौफेर पाणी आणि नळाला थेंब नाही, हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी कळलंच नाही. उपसा केंद्रंच बुडाली होती.

आमची वीस गुंठे मळी आहे. बावड्यात या शब्दाचे दोन अर्थ : नदीकाठचं गाळाचं रान, आणि साखर कारखान्यातून निघणारी ती काळी, घट्ट मळी. पहिल्या मळीतला ऊस कारखान्यात जाऊन दुसरी मळी होते. आता त्या रानावर एका बिल्डरची नजर आहे. सातबाऱ्यावर माझंही नाव असल्याने सही माझीही लागणार.

पूररेषा दोन असतात. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधायचं नाही. दोन्हींच्या मधे अटींवर परवानगी मिळते. एजंट म्हणाला, "तुमचं रान मधे येतंय साहेब, काळजी नको." शंभर वर्षांचा पूर आम्ही दोन वर्षांत दोनदा पाहिला, असं मी म्हणालो. तो हसला. आबा हसले नाहीत.

"एकोणीसला आपल्या रानात किती होतं?" मी रात्री विचारलं.

"उसाचा शेंडा दिसत नव्हता," आबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण दर बरा देतोय रे."

कागद अजून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहेत. आज सकाळी 36 फूट 2 इंच.