प्राचीन कल्याणची पेठ आणि व्यापाऱ्याचा विश्वास

एखाद्या नगराची व्यापारी योग्यता ठरविताना तेथील बंदर कसे आहे, रस्ते कोठवर जातात आणि कोणता माल निघतो, हे प्रथम पाहण्याचा प्रघात आहे. या कसोटीस प्राचीन कल्याण सर्वथैव उतरत होते. समोर उल्हास नदीची खाडी, पाठीशी सह्याद्री, आणि नाणेघाटातून जुन्नरकडे जाणारी वहिवाटीची वाट. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. ज्या पेठेतील लोक असा दानधर्म करू शकत, ती पेठ संपन्न होती हे उघड आहे. परंतु व्यापाऱ्याचे भांडवल केवळ भूगोल पाहून येत नाही, ही गोष्ट या नगराच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक नाविकाने ‘पेरिप्लस’ नावाचे सागरी वर्णन लिहून ठेविले. त्यात तो सांगतो की, थोरल्या सारागनस राजाच्या काळी कल्याण ही कायदेशीर पेठ होती; पुढे ती सँडनेसच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापारास मोठा अडथळा झाला आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यानिशी भडोचला नेली जाऊ लागली. सारागनस हा सातवाहन कुळातील राजा असावा, असे मानतात. सँडनेसविषयी मात्र विद्वानांत मतभेद आहेत. भडोच त्या वेळी क्षहरात नहपानाच्या अमलाखाली होते. हा राजा शकवंशीय. त्याच्या जमातीचे मूळ मध्य आशियात. सातवाहन व शक यांच्या झगड्यात कल्याणची जहाजे भडोचकडे वळली. खाडी तीच होती, घाटही तेच होते. नाहीसा झाला तो परदेशी व्यापाऱ्याचा भरवसा.

नवल असे की, ठेवीदाराचा विश्वास कसा संपादावा हे याच शकांच्या राज्यात उत्तम रीतीने जाणले जात होते. नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यातील लेख याची साक्ष देतो. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडणारी ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. दोन हजारांचे वर्षाचे व्याज 240 होते. त्यातून वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळावयाचे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आला. म्हणजे राजाच्या जावयानेही आपली रक्कम विणकरांच्या हाती दिली ती उघड नोंदीच्या आधारावर! जमिनीवर जी सचोटी पाळली गेली, ती समुद्रावर पाळली गेली नाही, एवढाच फरक.

पुढे सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी लेखक कल्याणची गणना मोठ्या व्यापारी बंदरांत करतो. तेथून पितळ, लाकूड व कापड जात असे. इराणातून नेमलेला ख्रिस्ती धर्माधिकारीही तेथे राहत असे. परक्यांना पुन्हा निर्धास्तपणे वस्ती करता येऊ लागली होती, हेच यावरून दिसते.

उलट, तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याचे वर्णन केले आहे. कातडी व सुती कापड यांचा व्यापार तेथे भरभराटीत होता. परंतु तेथील राजाने चाच्यांशी संगनमत केले होते. लुटीतील घोडे राजाचे आणि बाकीचा माल चाच्यांचा, असा करार होता. अशा राजास घोडे मिळत असतील. पण पेठेची अब्रू जाते, ती घोड्यांनी भरून येत नाही.

कालांतराने राज्ये बदलली. 1853 साली ठाण्यास व 1854 साली कल्याणला आगगाडी पोहोचली. कल्याणहून फुटणाऱ्या दोन फाट्यांनी पुढे बोरघाट व थळघाट ओलांडले आणि खाडीपेक्षा लोहमार्गाला महत्त्व आले. वाहने बदलली तरी दूरच्या माणसाने आपला पैसा परक्या गावी का ठेवावा, हा प्रश्न उषवदाताच्या काळी होता तसाच राहिला. त्याचे उत्तर त्या लेण्याच्या भिंतीवर कोरलेले आहे: दर ठरलेला, नोंद उघड आणि मुद्दल सुरक्षित.