देवी, मरीआई आणि मोहीम

उपमेय आणि उपमान यांच्यात भेदच उरलेला नाही असे वर्णन जेथे येते तेथे रूपक अलंकार होतो, अशी व्याख्या अलंकारशास्त्राने केली आणि शालेय व्याकरणाने ती घरोघर पोचवली. त्यामुळे रूपक ही कवीची मिरासदारी असून रोजच्या व्यवहाराचा तिच्याशी संबंध नाही, ही समजूत पक्की झाली. १९८० मध्ये भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी ‘मेटाफर्स वी लिव्ह बाय’ या ग्रंथात नेमक्या याच समजुतीला हात घातला. त्यांच्या प्रतिपादनानुसार माणूस एका अनुभवाचा विचार दुसऱ्या, अधिक परिचित अनुभवाच्या चौकटीत करतो, आणि ती चौकट केवळ त्याच्या शब्दांची नव्हे तर त्याच्या कृतीचीही दिशा ठरवते. वादात ‘माघार घेतली’, ‘बाजू लढवली’, ‘मुद्दा खोडून काढला’ असे बोलणारा समाज वादही लढाईसारखाच करतो. हा सिद्धांत पारखण्यासाठी साथीच्या रोगांचा इतिहास विशेष उपयोगी आहे, कारण तेथे एकाच संकटाला वेगवेगळी रूपके लागू झाली आणि प्रत्येक रूपकाने रोग्याच्या अंथरुणाभोवती वेगळे आचार निर्माण केले. महाराष्ट्रात हा इतिहास देवी, पटकी आणि प्लेग या तीन रोगांच्या आधारे स्पष्टपणे वाचता येतो.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत देवीच्या रोगाला ‘मसूरिका’ म्हटले आहे. अंगावर उठणाऱ्या पुळ्या मसुरीच्या दाण्यांसारख्या दिसतात, म्हणून हे नाव. माधवनिदानात मसूरिकेला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तिच्याबरोबर ‘शीतला’ हे नावही येते. मसूरिका हे नाव पुळीच्या आकारावरून पडले असल्याने त्यातून रोग्याशी कसे वागावे याचा काही बोध होत नाही. शीतला मात्र व्यक्ती आहे: ती गाढवावर बसते, हाती केरसुणी आणि पाण्याचा कलश धरते, तिच्या मस्तकावर सूप असते, तिला राग येतो, ती प्रसन्न होते, ती येते आणि जाते. मराठी बोलीने याच कल्पनेला अधिक जवळचे रूप दिले आणि रोगाला थेट ‘देवी’ म्हटले, तेही आदरार्थी अनेकवचनात: मुलाच्या अंगावर देवी ‘आल्या’. संचाराच्या प्रसंगी देवी अंगात येते आणि रोगात ती अंगावर येते, इतकाच फरक या भाषेने ठेवला. दोन्ही ठिकाणी रोगी हे देवीचे आसन झाले.

श्रद्धावंतांच्या दृष्टीने हे रूपक नव्हतेच, ते प्रत्यक्ष होते, हा आक्षेप योग्य आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. परंतु लेकॉफ-जॉन्सन यांच्या सिद्धांताचा गाभाही हाच आहे की जे रूपक रूपक म्हणून ओळखू येत नाही, तेच आचरणावर सर्वांत जास्त अधिकार गाजवते. देवी आल्या असे एकदा मान्य झाले की पुढचे सारे आदरातिथ्याच्या नियमांनी ठरत असे. देवी उष्ण, म्हणून तिला शांत करणारे पदार्थ हवेत. घरात फोडणीचा वास नको, तळण नको, भांडण नको. दाराला कडुलिंबाचे डहाळे लावायचे, रोग्याच्या अंगाखाली कडुलिंबाचा पाला पसरायचा, त्याच पाल्याने त्याला वारा घालायचा, दहीभातासारखे थंड अन्न द्यायचे. परक्या माणसाने आत यायचे नाही. खपल्या धरून पडल्या की कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ, मग देवीची ओटी भरून तिची पाठवणी. या सर्व विधीला रोगाच्या स्वाभाविक क्रमाचा आधार होता, कारण हा रोग ठरावीक टप्प्यांनीच पुढे सरकत असे: आधी ताप, मग पुळ्या, त्यांत पू भरणे, खपल्या, आणि जगला-वाचलाच तर साधारण तीन-चार आठवड्यांत सुटका. येण्याची आणि जाण्याची वेळ असलेल्या रोगाला पाहुण्याचे रूपक चपखल बसले, हा योगायोग नव्हे.

या आचारांची फळे दोन परींची होती, आणि आधुनिक लेखकांनी बहुधा त्यांतील एकच पाहिली. परक्याला दारातच थांबवण्याने संसर्गाला काही प्रमाणात आळा बसत असे. त्याहून महत्त्वाचे असे की पुवाने भरलेले, दुर्गंधी सुटलेले, विद्रूप झालेले शरीर घराबाहेर फेकले जात नव्हते, तर त्याला नमस्कार केला जात होता. लस न घेतलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के रोगी ज्या रोगाने दगावत, वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर वण राहत आणि अनेकांची दृष्टी जात असे, त्या रोगातही रोग्याच्या उशाशी बसण्याचे धैर्य या रूपकाने आयाबायांना दिले. उलट बाजूही तितकीच खरी आहे: औषध देणे म्हणजे घरी आलेल्या देवीचा अपमान, ही भावना त्याच रूपकातून उपजली, आणि देवी ज्याच्या घरी आल्या नाहीत त्याने आपण होऊन त्यांना डिवचू नये, हा विचारही त्यातूनच आला.

लसीला झालेल्या विरोधाचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावा लागतो. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गोस्तन-देवीची लस टोचण्याचा प्रयोग केला. ती लस बगदाद आणि बसरा या मार्गाने मुंबईस पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस ही हिंदुस्थानातील पहिली यशस्वी लस ठरली. तत्पूर्वी बंगालमध्ये टिकादार नावाचे व्यावसायिक खऱ्या देवीचाच पू निरोगी माणसाच्या त्वचेत टोचत असत, आणि जॉन झेफनाया हॉलवेल याने १७६७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात या पद्धतीतील थंड पाण्याचा उपचार, पथ्य आणि देवीची पूजा यांची तपशीलवार नोंद आहे. टिकादार देवीला बोलावत होता आणि तिचा मानही राखत होता. त्याची कृती प्रचलित रूपकाच्या आतली होती. इतिहासकार डेव्हिड आर्नोल्ड यांनी दाखवल्याप्रमाणे सरकारी लसीकरणाला पूजा नव्हती, पथ्य नव्हते, ते केवळ शरीरावरचे काम होते. शिवाय एका मुलाच्या दंडावरील फोडातून द्रव काढून तो दुसऱ्याच्या दंडात टोचण्याची जी पद्धत दीर्घकाळ चालली, तिच्यामुळे जातीच्या शुचितेचा प्रश्न उभा राहिला आणि ज्या मुलाचा फोड पुन्हा उकलायचा त्याच्या आईचा जीव कासावीस झाला. १८७७ मध्ये मुंबई शहरासाठी लसीकरणाचा कायदा झाला, तरी मराठी बोलीने या नव्या क्रियेला जे नाव दिले ते जुन्याच घराण्यातले होते: लस टोचणे म्हणजे ‘देवी काढणे’. सरकारने रूपकाबाहेर ठेवलेली गोष्ट बोलीने रूपकात ओढून घेतली, आणि ती स्वीकारली जाण्यास याची मदतच झाली असावी.

पटकीचे रूपक देवीहून भिन्न होते. १८१७ मध्ये बंगालमधील जेसोर भागात उसळलेली पटकीची साथ १८१८ मध्ये मुंबईपर्यंत आली. हा रोग काही तासांत माणूस नेत असल्याने पाहुणचाराला येथे अवसरच नव्हता. पटकीची देवी मानलेली मरीआई घराची पाहुणी नव्हती, ती गावावरून जाणारी वाटसरू होती, आणि वाटसरूशी गावाने जसे वागावे तसेच तिच्याशी वागले गेले. लाकडी गाड्यावर तिची मूर्ती किंवा प्रतीक ठेवून, हिरवे वस्त्र, बांगड्या, लिंबू, नारळ वाहून, वाजतगाजत तो गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडला जाई. शेजारचे गाव तोच गाडा पुढच्या शिवेवर ढकली. ज्या रूपकाने डोळे रस्त्याकडे आणि शिवेकडे लावले त्याने ते विहिरीकडे वळू दिले नाहीत, आणि पटकी तर पाण्यातून पसरत होती. या विधीतील सर्वांत जोखमीची आणि अपवित्र मानलेली कामे गावाने अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माथी मारली, मरीआईचा उपासक पोतराज अंगावर कोरडे ओढत दारोदार फिरला. रूपक साऱ्या गावाचे असले तरी त्याची किंमत साऱ्या गावाने सारखी मोजली नाही. आंबेडकरी चळवळीने पोतराजाची प्रथा सोडण्याचा आग्रह धरला, त्यात ही जाणीव होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळ गोव्याच्या वैद्यांनी प्लेगचे निदान केले. कोइमतूर भागात प्लेग मरीअम्मनची देवळे उभी राहिली, परंतु मराठी मुलखात या रोगाला देवीसारखे सर्वमान्य दैवी रूप मिळाले नाही. लोकांनी त्याला ‘गाठीचा ताप’ म्हटले. येथे रूपक आणले ते राज्यकर्त्यांनी, आणि ते युद्धाचे होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला, पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि घरझडतीसाठी गोरे सैनिक रस्त्यावर उतरले. शत्रू घराघरांत दडून बसला आहे, त्याला हुडकून काढायचे आहे, असे एकदा ठरल्यावर माजघर आणि देवघर ही शत्रूच्या लपण्याची ठिकाणे झाली, स्त्रियांची उघड्यावर तपासणी झाली, रोग्याला नातलगांपासून तोडून इस्पितळात आणि निरोग्यांना छावणीत नेण्यात आले, सामानसुमान जाळले गेले. विलगीकरणाची वैद्यकीय गरज खरी होती, हे नाकारता येणार नाही. पण देवीच्या रोग्यालाही घराने वेगळे ठेवलेच होते, आणि तेथे तो घराच्या मानाचा केंद्रबिंदू होता, तर येथे तो शत्रूने व्यापलेला प्रदेश ठरला. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. युद्धाची भाषा वापरणाऱ्या सत्तेला युद्धाच्याच भाषेत उत्तर मिळाले. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. पुण्याजवळ त्यांनी आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी चालवलेल्या शुश्रूषेला सैन्याचीही गरज नव्हती आणि देवीचीही, आणि साथीच्या इतिहासात या तिसऱ्या वाटेला जितकी जागा मिळायला हवी तितकी मिळालेली नाही.

मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल झाली, आणि त्यानंतर सरकारने सक्ती हळूहळू सैल केली. हाफकिनच्या प्लेगप्रतिबंधक लसीचा प्रसार स्वेच्छेवर सोपवला गेला. स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मात्र युद्धाचे रूपक परत आले, आता ते स्वकीय सरकारचे होते. ‘निर्मूलन’ आणि ‘मोहीम’ हे शब्द रूढ झाले. गावोगाव रोग्यांचा शोध, रोगी सापडताच भोवतालच्या सर्वांना लस, आणि रोग्याच्या दाराशी राखणदार, ही पद्धत १९७३ नंतर कसोशीने राबवली गेली. शेवटच्या टप्प्यात काही ठिकाणी दारे ढकलून, माणसे धरून लस टोचण्यात आली, हे इतिहासकार पॉल ग्रीनो यांच्या संशोधनाने पुढे आणले आहे. महाराष्ट्रातील भिंतींवर ‘देवीचा रोगी कळवा आणि १००० रुपये मिळवा’ अशी अक्षरे रंगवली गेली. या एका वाक्यात दीडशे वर्षांचे स्थित्यंतर दिसते: नाव देवीचेच राहिले, पण जिच्या आगमनाची वाच्यता घराबाहेर जपून करायची तिची खबर देणाऱ्यास आता इनाम होते. मे १९७५ मध्ये देशातील शेवटचा रोगी नोंदला गेला, एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचे मान्य केले, आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सारे जग या रोगातून मुक्त झाल्याचे घोषित केले. हे यश शोध, नोंद आणि लस यांचे आहे; सक्तीने त्यात किती भर घातली आणि किती रोगी लपवायला भाग पाडले, हा प्रश्न इतिहासकारांनी विचारला पाहिजे तितक्या नेटाने विचारलेला नाही.

युद्धाच्या रूपकात आणखी एक गृहीतक दडलेले असते, ते म्हणजे शेवटाचा दिवस. २५ मार्च २०२० रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वाराणसीच्या नागरिकांशी बोलताना महाभारताचे युद्ध १८ दिवसांत जिंकले गेले याचा दाखला दिला आणि कोरोनाविरुद्धच्या लढाईसाठी २१ दिवसांचा उल्लेख केला. डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार ‘योद्धे’ झाले. देवीच्या पाहुणचारालाही शेवटाचा दिवस होता, पण तो रोगाच्याच क्रमाने ठरवलेला होता, आणि पाठवणीचा विधी खपल्या पडल्यावरच होत असे. कोरोनाच्या बाबतीत तारीख आधी ठरली, रोगाचा क्रम नंतर कळत गेला. टाळेबंदी १४ एप्रिलवरून ३ मेपर्यंत, तेथून १७ मेपर्यंत आणि मग ३१ मेपर्यंत लांबली, आणि मुंबई-पुण्याहून पायी निघालेल्या मजुरांच्या हिशेबात मात्र ते २१ दिवसच होते.